पोटाखालचा हात

१

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की कळमडी गावात दोन गोष्टी न चुकता व्हायच्या. माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर चढायच्या आणि चुडामण नाना चिंचेच्या विहिरीवर. लेकी चार दिवसांत सासरी परतायच्या, नाना मात्र मृग निघेपर्यंत विहिरीचा काठ सोडायचे नाहीत. गावात ज्याला कोणाला पोहायला शिकायचं असेल त्याने नारळ घेऊन यायचं, नानांच्या पाया पडायचं आणि स्वतःला त्यांच्या हवाली करायचं, अशी जुनी रीत होती.

नाना पन्नाशीचे, अंगाने सडसडीत, आवाज मात्र शेताच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा. त्यांचा कायदा कडक होता. जेवून आलेल्याला पाणी नाही. नाना नसताना विहिरीत कोणी उतरायचं नाही. मोटेच्या दगडावरून उडी मारायची नाही. शिकणाऱ्याच्या पाठीला वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधायची, काखेखालून दोर घ्यायचा, आणि दोराचं दुसरं टोक मोटेच्या चाकावरून नानांच्या मुठीत. शिवाय एका वेळी एकच जण पाण्यात. बाकीच्यांनी लांब चिंचेखाली बसायचं, काठावर नाना सोडून कोणी फिरकायचं नाही. तापीकाठच्या इतर गावांत उन्हाळा म्हटलं की एखादं पोर विहीर घ्यायचीच. कळमडीत नानांच्या कारकिर्दीत एकही गेलं नाही. लोक म्हणायचे, पाणी ओळखावं तर नानांनी.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. चुडामण नानांना पोहता येत नव्हतं.

त्यांचे वडील पितांबर अण्णा पट्टीचे पोहणारे होते, भर पुरात तापी आडवी कापायचे. ते गेले तेव्हा गावाने रीतीप्रमाणे तेराव्याला लेकाच्या डोक्याला पागोटं बांधलं आणि त्याच बैठकीत दोर आणि भोपळेही त्याच्या ओटीत टाकले. पाटलाच्या मुलाने पाटीलकी घ्यायची, सुताराच्या मुलाने वाकस घ्यायचा, तसं पोहणाऱ्याच्या मुलाने पोहणं घ्यायचं. तुला येतं का, हे विचारायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. नाना तोंड उघडणार, तोवर पंगत बसली होती. पंगत उठल्यावर असली गोष्ट सांगायची कशी? त्या दिवशी जे राहिलं ते राहिलंच.

मग नानांनी तोडगा काढला. कोणी बुडालं तर आपल्याला उडी मारता येणार नाही, तर कोणी बुडताच कामा नये. सगळा कायदा निघाला तो या भीतीतून. गाव ज्याला विद्या समजत होतं, ती निव्वळ पाचावर बसलेली धारण होती.

२

त्या वर्षी नारळ घेऊन आला तो गावचा कापडवाला, सुमेरमल शेठ. वय चाळिशीकडे झुकलेलं, पोट त्याच्या बरंच पुढे झुकलेलं. माल आगगाडीने नंदुरबारला उतरायचा, पण शहाद्याच्या बाजाराला जायचं तर तापी नावेनेच ओलांडावी लागायची. मागच्या भादव्यात नाव कलली. सुमेरमल कापडाच्या गठ्ठ्याला मिठी मारून काठाला लागला, आणि घरी आल्यावर त्याची बायको भंवरीबाई हिने फर्मान काढलं की पोहायला आल्याशिवाय नावेत पाय ठेवायचा नाही.

"नाना, आधी तुम्ही पव्ही दखाडा," सुमेरमल पहिल्याच दिवशी म्हणाला. "माल देखाशिवाय मी सौदा करत नही."

असा प्रश्न आजवर कोणी केला नव्हता. पण नानांकडे उत्तर वर्षानुवर्षं तयार होतं, विचारणाराच काय तो मिळाला नव्हता.

"शेठ, गुरू पाणीमा उतरना की शिकनारा त्याना गळामा पडस. मंग दोन्ही जातस. आपला कायदा शे, गुरू वर, चेला खाल."

सुमेरमलने थोडा विचार केला आणि ते त्याला पटलं. पटण्यासारखंच होतं, खरंही होतं. नानांची बरीचशी खोटी वागणूक खऱ्या गोष्टींवरच उभी होती.

मग शेठजी पायऱ्या उतरू लागले. धोतराचा काचा मारलेला, पाठीवर गलेलठ्ठ भोपळे, डोक्यावर पगडी तशीच.

"पगडी काढा, शेठ."

"ऱ्हाऊ द्या, नाना. भिजनी तं भिजनी. उघडं डोकं लोके देखतीन."

तिकडे चिंचेखाली भंवरीबाई घुंघट ओढून, विहिरीकडे पाठ करून बसली होती. पाण्याचा जरा आवाज झाला की ती विचारायची, "डूब्या तो कोनी?" आणि चिंचेखाली बसलेली सगळी मंडळी एका सुरात सांगायची, "नही, भाभी, अजून नही."

सुमेरमल पाण्यात गेला, ओरडला, गटांगळी खाऊन वर आला, पुन्हा ओरडला. नानांनी दोर ताणून धरला. हळूहळू त्याचं अंग सैल झालं. तो पोटावर आडवा झाला, डोळे मिटले आणि पाय मारू लागला.

"आते बरं वाटस, नाना," तो खालून म्हणाला. "हात आठेच ऱ्हाऊ द्या. काढू नका."

"दोर म्हना, शेठ."

"दोर काखमा शे. मी हातनं सांगी ऱ्हायनू. पोटखाल."

नानांनी आपल्या हातांकडे पाहिलं. दोन्ही होते, दोन्ही दोरावर होते, आणि दोन्हींना चांगलाच घाम फुटला होता.

३

रात्री भाकरी मोडता मोडता नानांनी बायकोला, शोभाबाईला, सगळं सांगितलं. नानांना पोहता येत नाही हे गावात तिलाच ठाऊक होतं. ग्रहणाच्या स्नानाला सगळं गाव तापीत डुबकी मारायचं, तेव्हा नाना पहिल्या पायरीवर बसून लोट्याने अंगावर पाणी घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने तिचा पदर धरून ठेवायचे.

"कासव व्हई," नाना म्हणाले. "इहीरमा कासव ऱ्हातसच. पोटले लागनं व्हई."

"मंग कासवले कासव म्हना. त्याले हात काबर म्हनी ऱ्हायना तो?"

"घाबरेल व्हता ना."

"घाबरेल मानूस सांगी का, काढू नका म्हनीसन?"

नानांनी मिरचीचा ठेचा मागितला.

पण कासव काही गळी उतरेना. दुसऱ्या दिवशी ते सहज म्हणून उखाकडे गेले. उखा हा त्याच विहिरीवर मोट हाकणारा, नानांच्या हाताखाली पोहायला शिकलेल्या पहिल्या पोरांपैकी एक. आता त्याच्या मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर नानांनी विचारलं, "उखा, तू शिकना तव्हय तुले कसं वाटे? पाणीमा?"

उखाचा चेहरा उजळला. "पहिलांदा लई भेव वाटे. मंग तुमना हात पोटखाल उना आनि भेव गयं. काय थंडा हात व्हता, नाना. कव्हय काढी लिन्हा, मले समजनंबी नही. देखस तं मी मन्हा मन्हाच पव्ही ऱ्हायंतू."

"मन्हा हात," नाना म्हणाले.

"तुमनाच ना. आठे दुसरं कोन व्हतं?"

"उखा, मी तं वर व्हतू. दोर धरीसन."

उखाने बैलांच्या पाठीवरून हात फिरवला. या गोष्टीचं त्याला काहीच वाटलं नाही. "वर बी व्हतात, खाल बी व्हतात," तो म्हणाला. "तेच तं तुमनं कसब शे."

नाना त्या दिवशी गावभर हिंडले. ज्याला विचारावं त्याचं तेच. सगळ्यांना नानांचा हात आठवत होता, आणि आठवून सगळ्यांना नानांविषयी भरून येत होतं. एकाने तर त्यांचा हात हातात घेऊन डोळ्यांना लावला. पोहायला शिकताना माणूस पाण्यात तोंड घालून, डोळे मिटून असतो, तो वर कशाला बघतो. बाकीचे चिंचेखाली बसलेले, कारण काठावर फिरकायचं नाही हा नानांचाच कायदा. इतक्या वर्षांत विहिरीत खरोखर काय चाललंय हे बघायला नानांनी दुसरा डोळाच ठेवला नव्हता. आणि ते स्वतः? ते दोराकडे बघायचे. पाण्याकडे बघितलं की त्यांना गरगरायचं.

४

सुमेरमल झपाट्याने शिकू लागला. त्याची भीती गेली, आणि नानांची वाढली.

"कसा हात शे, शेठ?" एक दिवस नानांनी विचारलंच. सुमेरमल पायरीवर बसून पगडी पिळत होता.

"तुमना हात तुम्ही मले विचारतस?"

"सांगा तरी."

सुमेरमल कापडवाला. आयुष्यभर त्याने कापड आपल्या हातावर मोजून दिलेलं, त्यामुळे कोपरापासून बोटापर्यंतचं माप त्याच्या अंगात मुरलेलं. त्याने डोळे मिटले आणि स्वतःच्या पोटावर इथून तिथपर्यंत दाखवलं. "तळवा आठे. बोटं आठून फिरतस, पाठलगून जातस." त्याने हात मागे नेऊन कण्याला लावला. मग डोळे उघडून त्याने नानांच्या हाताकडे पाहिलं, आणि त्याच्या कपाळाला जराशी आठी पडली. "वर तुमना हात लहान दिसस, नाना."

"पाणीमा वस्तू मोठी दिसस," नाना म्हणाले. असं काहीतरी त्यांनी ऐकलं होतं.

"हां, तसंच व्हई," सुमेरमल समाधानाने म्हणाला. "मंग उद्यापासून दोर नको. भोपळा बी नको. दोर काखले काचस. तुमना हात पुरे शे."

नानांच्या तोंडचं पाणी पळालं. दोर सोडायचा तो शिकणारा आपणहून तरंगू लागल्यावर, आणि तेही पायरीजवळ. सुमेरमल अजून तरंगत नव्हता, तो धरला जात होता. दोर काढू नका म्हणावं तर कारण काय सांगायचं? तो हात माझा नाही, हे सांगावं लागणार. माझा का नाही, हेही सांगावं लागणार. आणि मग अण्णांच्या नावाचं, पागोट्याचं, आजवरच्या सगळ्या नारळांचं काय करायचं?

"दोर ऱ्हाई," नाना एवढंच म्हणाले. "कायदा शे." पण आवाजात नेहमीचा खणखणीतपणा नव्हता, आणि हे व्यापाऱ्याच्या कानाने बरोबर टिपलं.

५

दुसऱ्या दिवशी भर दुपारी नाना विहिरीकडे आले तेव्हा पायरीवर सुमेरमलची छत्री मिटवून ठेवलेली होती. शेजारी जोडे. त्यांच्याशेजारी भोपळ्यांची जोडी आणि नीट वेटोळं करून ठेवलेला दोर. चिंचेखाली कोणी नव्हतं. उखा पलीकडे मोटेच्या धावेवर बैलांना पेंडी टाकत होता.

नाना काठाशी गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सरळ पाण्यात पाहिलं.

सुमेरमल विहिरीच्या मधोमध पोटावर पडला होता. दोर नाही, सांगड नाही. पाय हलत नव्हते, हात हलत नव्हते. पगडी तेवढी पाण्याबाहेर होती. तो अगदी मजेत होता, आणि बोलत होता.

"हां, नाना. अजून थोडं खाल? बरं." पगडीचा खालचा वळसा पाण्यात गेला. "श्वास सोडी देऊ? पुरा? बरं, नाना."

नानांना वाटलं, उन्हाने याचं डोकं फिरलं. मग त्यांना दुसरा आवाज ऐकू आला. तो दगडातून आल्यासारखा होता, हळू आणि समजूत घालणारा. ओळखीचाही होता, पण कोणाचा ते पटकन लक्षात येईना, कारण स्वतःचा आवाज असा बाहेरून ऐकायची माणसाला सवय नसते.

"ये," तो आवाज म्हणाला. "भिऊ नको. मी धरेल शे."

पळून जावं, असं मनात आलं, नाही कशाला म्हणायचं. पळाले असते तर कोणाला कळलंही नसतं. सुमेरमल कायदा मोडून एकटा उतरला होता, गावाने त्यालाच बोल लावला असता आणि नानांचं नाव तसंच राहिलं असतं. सुमेरमलच्या तोंडातून बुडबुडे येऊ लागले.

नानांनी उडी मारली नाही. बुडणाऱ्यामागे पोहता न येणाऱ्याने उडी मारली की एकाच्या जागी दोन तिरड्या निघतात, हे ते दर उन्हाळ्यात सगळ्यांना घोकून सांगायचे. त्यांनी दोराच्या टोकाला सांगड बांधली, दुसरं टोक चाकावरून उखाकडे फेकलं, "बैल जोत," एवढंच त्याला म्हणाले, आणि सांगड नेमकी पगडीच्या पुढ्यात टाकली. मग त्यांनी तो खणखणीत आवाज लावला.

"सुमेरमल शेठ, वर देखा. मी आठे शे. तो हात मन्हा नही. मले पव्हता येत नही, कधीच येत नव्हतं. दोर धरा."

पगडी वर झाली. सुमेरमलने डोळे उघडले, काठावर उभ्या नानांना पाहिलं.

"नाना, तुम्ही वर?"

"मी कायम वरच व्हतू."

"मंग खाल कोन शे?"

"दोर धरा," ते पुन्हा म्हणाले. सुमेरमलने सांगडीला अशी मिठी मारली, की मागच्या भादव्यात कापडाच्या गठ्ठ्यालाही मारली नसेल.

उखाने बैल हाकले. दोर ताणला, चाक कुरकुरलं आणि बैल धावेच्या मध्यावर येऊन अडले. मोटेचं पाणी रोज ओढणारे ते बैल खुर रोवून उभे राहिले, त्यांच्या माना खाली गेल्या. "शेठ इतला जड नही, नाना," उखा ओरडला. "हाई दोन मोटांनं वजन शे." मग अचानक काहीतरी सुटलं, बैल धडपडत पुढे गेले आणि कळमडीचा कापडवाला, पगडीसकट, मोटेसारखा वर येऊन दगडी थारोळ्यात आदळला.

नाना अजून पाण्याकडेच पाहत होते. सुमेरमल होता तिथे पाण्याखाली एक तळवा होता, वर उघडा, कोणाच्या तरी पोटाची वाट बघत असल्यासारखा. तो सावकाश खाली चालला होता. मागून मनगट दिसलं. त्याच्यामागे कोपर यायला हवं होतं, पण ते आलं नाही. नुसता हात, आणखी हात, हिरव्या पाण्यात जिथवर उजेड जात होता तिथवर.

६

आपली अब्रू गेली हे नानांनी घरी पोचेपर्यंत मनाशी मान्य केलं होतं. आश्चर्य म्हणजे त्यांना हलकं वाटत होतं. संध्याकाळी ते आपणहून चावडीवर गेले, पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की मला पोहता येत नाही, तुम्हाला धरणारा हात माझा नव्हता, त्या विहिरीत आता कोणी उतरू नका.

चावडीवर लोक हसू लागले.

कारण नानांच्या आधी सुमेरमल येऊन गेला होता. पोटावर आणि पाठीवर हाताचा निळा वळ घेऊन तो घरोघर फिरत होता आणि त्याने झाल्या गोष्टीचा आपल्या परीने हिशोब लावला होता. नानांनी माझी परीक्षा घेतली, तो सांगत होता. खालून म्हणाले ये, वरून म्हणाले दोर धर. मी घाबरून दोर धरावा म्हणून एवढा मोठा माणूस, मला पोहता येत नाही असं भर दुपारी ओरडून बोलला. असा गुरू कोणाला मिळतो? भंवरीबाईने नानांसाठी नवं पागोटं पाठवलं होतं.

"नाना ठट्टा करी ऱ्हायनात," उखा कौतुकाने म्हणाला.

"खरं शे," दाराआड उभ्या शोभाबाईने न राहवून सांगितलं. "ह्या लोट्यावर आंघोळ करतस. ग्रहणले मन्हा पदर धरतस."

लोक आणखी हसले. बायकोला नवऱ्याची थोरवी कधी कळते का, असं एक म्हातारा म्हणाला, आणि ते सर्वांना पटलं.

पण गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही. खांडबाऱ्याहून सुमेरमलचा मेहुणा रतिलाल मुद्दाम पोहायला शिकायला आला होता. तो म्हणाला की नानांचा हात असताना दोर आणि भोपळे हवेत कशाला, दोराने तर काख सोलते. दुसऱ्या कोणीतरी री ओढली. बघता बघता ठरलं की उद्यापासून दोर बंद. एक एक जण कशाला, सगळे एकदमच उतरू. नाना नसले तरी चालेल, नाना खाली असतातच.

नाना घसा सुकेपर्यंत बोलले. इतकी वर्षं त्यांनी एक खोटी गोष्ट न बोलता सांभाळली होती आणि ती सगळ्यांनी मानली. आता ते खरं बोलत होते, तर ऐकायला कोणी तयार नव्हतं. त्यांना रडू आलं. लोकांना वाटलं, कौतुकाने आलं.

७

सकाळी सगळं गाव विहिरीवर लोटलं. कायदा मोडून लोक काठावर उभे होते, पायऱ्यांवर बसले होते. रतिलाल लंगोट कसून तयार होता. नानांच्या धाकाने त्याने कमरेला दोर तेवढा बांधून घेतला होता, आणि त्याच्यामागे आणखी बरेच जण होते.

नाना पुढे झाले. रात्रभर विचार करून त्यांना एकच उपाय सुचला होता. शब्दाने पटत नाही त्यांना डोळ्याने पटेल. सगळ्यांच्या देखत आपण बुडायचं. नाकातोंडात पाणी गेलेलं, हातपाय झाडलेले लोकांनी बघितले की कोणी मायचा लाल म्हणणार नाही की याला पोहता येतं. मग विहिरीला काटेरी कुंपण घालता येईल. मात्र नाना कायद्याचे पक्के. त्यांनी स्वतःच्या काखेखालून दोर घेतला, दोन गाठी मारल्या आणि टोक उखाच्या हातात दिलं.

"मी खाल गऊ की ओढजो," ते म्हणाले. "सोडू नको."

"तुम्ही म्हनशात तसं, नाना."

शोभाबाईने त्यांचा सदरा धरला. तिची बोटं त्यांनी एक एक करून सोडवली. "ओढतीन ना वर," ते म्हणाले. तिला ते पटलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर त्यांनाही नव्हतं.

नानांनी डोळे मिटले, अण्णांचं नाव घेतलं आणि उडी मारली.

ते दगडासारखे खाली गेले. कानात पाणी, नाकात पाणी, छातीत आग. आणि त्या सगळ्या जिवाच्या आकांतात नानांना विलक्षण आनंद झाला. मी बुडतोय. दिसतंय ना सगळ्यांना? पागोटं घातल्या दिवसापासून जे ओझं होतं ते पाण्यात निघून चाललं होतं. आता उखा ओढेल, आता गावाला कळेल.

मग पोटाखाली काहीतरी टेकलं.

ते थंड होतं. आधी तळवा, मग बोटं, एक एक करून, बरगड्यांवरून वळून पाठीच्या कण्यापर्यंत. त्यात जोर नव्हता. बाप लेकराला धरतो तसं ते धरणं होतं, आणि नाना जन्मात पहिल्यांदा पाण्यावर अलगद वर आले. तोंड बाहेर आलं. ऊन लागलं. त्यांना ओरडायचं होतं, पण घशात पाणी होतं. सुटण्यासाठी त्यांनी जिवाच्या करारावर हातपाय झाडले, आणि पोटाखालच्या हाताने त्यांना विहिरीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ रेषेत, संथ नेलं, आणि तसंच परत आणलं.

काठावर एक म्हातारा हलक्या आवाजात म्हणाला, "पितांबर अण्णा असाच पव्हे."

नानांनी मान वळवून वर पाहिलं. सगळं गाव हसऱ्या तोंडाने त्यांच्याकडे बघत होतं. रतिलालने कमरेचा दोर सोडायला घेतला होता. त्याच्यामागचे खालच्या पायरीवर सरकत होते. शोभाबाई एकटी तोंडात पदर कोंबून उभी होती. नानांनी डोळ्यांनी उखाला विनवलं, ओढ.

उखाच्या डोळ्यांत पाणी तरळलं होतं.

"नानाले दोर कसाले?" तो म्हणाला, आणि त्याने हातातलं टोक पाण्यात सोडून दिलं.